हरित इमारतीतला निळा धूर

'हरित' हे विशेषण लाभलेल्या इमारतीत शिरताना तेथील हवाही निर्मळ असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रवेशद्वाराशी प्रमाणपत्र झळकत असते. वीज, पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्या हिशेबासोबत त्यात तंबाखूच्या धुराचाही विचार केलेला असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. भारतीय हरित इमारत परिषदेच्या मूल्यांकनात धूरनियंत्रण ही पूर्वअट आहे. 'लीड' या अमेरिकी पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीने व्यापारी इमारतीच्या आत धूम्रपान पूर्णपणे वर्ज्य केले. बाहेरची जागाही दारे, उघडणाऱ्या खिडक्या आणि हवा आत घेणारे झरोके यांपासून किमान 25 फूट दूर हवी, असा तिचा दंडक आहे.

मग अडते कोठे? तळमजल्यावरच्या किंवा गच्चीवरच्या उपाहारगृहात. प्रमाणपत्र मालकाचे असते, उपाहारगृह भाडेकरूचे. शिवाय आपला 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करतो आणि त्याच कलमात 30 किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला वेगळ्या धूम्रपान कक्षाची मुभाही देतो. कायदा ज्याला परवानगी देतो, त्याला हरित प्रमाणपत्र नकार देते. या दोहोंच्या फटीतून धूर वर चढतो.

चढतो हे शब्दशः खरे आहे. उष्ण हवा जिन्यातून आणि लिफ्टच्या पोकळीतून वर जाते. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात, की ते तासन्‌तास तरंगत राहतात. त्यात हरित इमारत वीज वाचवण्यासाठी घट्ट बंद केलेली असते. वातानुकूलन यंत्र आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करून फिरवते. ताजी हवा केव्हा घ्यायची, हे कित्येक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ठरवते. ते यंत्र माणसांचे श्वास मोजते. सिगारेटचा धूर त्याच्या खिजगणतीतही नसतो.

शहागंजातल्या माझ्या दवाखान्यात चोविशीचा एक वाढपी तीन महिने खोकल्यासाठी येत होता. आयुष्यात बिडी ओढलेली नाही, छातीची क्ष-किरण तपासणी स्वच्छ, थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. मात्र चार दिवस गावी गेला, की खोकला निवळे. कामावर परतला, की दुसऱ्या रात्री छातीत घरघर सुरू. त्याचे काम धूम्रपान कक्षातले पेले आणि बश्या उचलण्याचे होते. वास्तविक अशा कक्षात कोणतीही सेवा देण्यास 2017 पासून मनाई आहे. श्वासातून घ्यायचे औषध मी दिलेच, आणि काम बदलून देण्याविषयी मालकाला चिठ्ठीही लिहिली. तो आता दिवसा गल्ल्यामागे बसतो. घरघर थांबली, पण रात्रीची बक्षिसी गेली, आणि तिच्यावर बहिणीची फी भागत होती. ग्राहक धुरात तासभर बसतो, वाढपी दहा तास वावरतो. परवानगी देताना हिशेब मात्र ग्राहकाचाच होतो.

कक्ष नीट बांधला तर काय बिघडले, असे आपण विचाराल. 2008 च्या नियमांनुसार त्याला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप मिटणारे दार हवे आणि आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा, म्हणजे दार उघडताच हवा आत खेचली जाईल. हे तपासणे सोपे आहे. कागदी रुमालाची पट्टी दाराच्या फटीशी धरा. ती बाहेर फडफडली, तर धूर आपल्या ताटापर्यंत येतो आहे. आतली हवा थेट बाहेर सोडणेही बंधनकारक आहे. पण हे 'बाहेर' म्हणजे अनेकदा इमारतीची डक्ट असते आणि तिच्यातच वरच्या घरांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात! वातानुकूलन अभियंत्यांची 'अश्रे' ही संघटना तर 2005 पासून सांगते आहे, की धुराचा धोका घालवणारी कोणतीही वायुवीजन योजना नाही. आत धूम्रपान बंद करणे हाच उपाय. यंत्रे बनवणारेच असे म्हणतात, तेव्हा डॉक्टरने वेगळे काय सांगावे?

मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक धूम्रपानाला मनाई केली. 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जण दगावले. अग्निशमन दलाच्या चौकशीने हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने हुक्का पार्लरांवर बंदी आणली. सिगारेटच्या कक्षाची सवलत मात्र तशीच राहिली.

आपल्या इमारतीत उपाहारगृह येणार असेल, तर करार होण्यापूर्वीच बोला. 'आत, गच्चीवर आणि दारापासून 25 फुटांत धूम्रपान नाही' हे वाक्य भाडेकरारात असू द्या. सही झाल्यावर कोणी ऐकत नाही. घरात गर्भवती, तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर सोसायटीच्या सभेत हे स्पष्ट मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. बाहेर जेवताना धूम्रपान कक्षाच्या दारालगतचे टेबल नाकारा. आणि घरातलाच कोणी त्या कक्षात जाणारा असेल, तर त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला 1800-11-2356 हा तंबाखू सोडवण्यासाठीचा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक लिहून द्या.