डेअर, डी, दास आणि आजीचं चेडू

खरं सांगायचं तर मी जर्मन शिकायला लागले ती एम.एस.च्या लोभाने. तिकडे बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही म्हणतात ना, मग काय, सबमिशन सांभाळून दर शनिवारी मुलुंडहून घाटकोपरच्या क्लासला!

पहिल्याच आठवड्यात ‘डेअर, डी, दास’ने दांडी उडवली. टेबल ‘तो’, दिवा ‘ती’, पुस्तक ‘ते’. सगळा वर्ग वैतागला, यात लॉजिक काय? घरी येऊन तक्रार केली, तर आई म्हणाली, “खुर्ची ती आणि स्टूल ते, यात काय लॉजिक आहे गं?” मी गप्प.

पुढचा धक्का ‘दास मेडशन’चा. मेडशन म्हणजे मुलगी, आणि चक्क नपुंसकलिंगी! हसत हसत आजीला सांगितलं. आजी मालवणची. ती म्हणाली, “अगो, मग आमचं चेडू पण तसंच की!” मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, तेही नपुंसकलिंगीच. लहानपणी आजी मला मैत्रिणींसमोर ‘चेडू’ म्हणायची, तेव्हा कॉन्व्हेंटवाल्या मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आकड्यांचंही तेच. भाजीवाली ‘पंच्याहत्तर’ म्हणाली की मी विचारणार, “सेव्हंटी फाइव्ह ना?” जर्मनमध्येही आधी पाच, मग सत्तर! आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ पद्धत आणली, तेव्हा केवढा वाद झाला. जर्मनीतही असाच बदल मागणारी एक संस्था आहे, नावच ‘त्स्वान्त्सिगआइन्स’, म्हणजे वीस-एक. पण बहुतेक जर्मन अजून उलटेच आकडे म्हणतात, आणि त्यांच्या गाड्या व्यवस्थित चालतात!

‘झी’ आणि ‘डू’ म्हणजे आपलं अहो-जाहो आणि अरे-तुरे. ‘कारण’ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी, मराठीसारखंच. आणि आम्ही मराठी मुलं हे सगळं शिकतो कशातून? तर इंग्लिशमधून, जिथे लिंग नाही, अहो नाही, सगळ्यांना एकच ‘यू’! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

मान्य, लिंगं जुळत नाहीत, ती पाठच करावी लागतात. ए-वन सर्टिफिकेटवर तिकडे पाव विकत घेता येईल, नोकरी नाही मिळणार. पण वस्तूला लिंग असतं ही कल्पना तरी आपल्याला नवी नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, मित्रांनो, जर्मनच्या वहीत इंग्लिश अर्थाशेजारी मराठीही लिहा. आणि शिकवणाऱ्यांनीही वर्गात बिनधास्त ‘तो, ती, ते’ म्हणावं. मराठीत बोललं म्हणून कुणाचा व्हिसा अडत नाही.

माझं एम.एस. होईल तेव्हा होईल. परवा आजीने कॉलेजच्या मैत्रिणींसमोर “चेडू, जेवलंस काय?” विचारलं. मी ओ दिली, आणि मैत्रिणींना चेडू म्हणजे काय तेही सांगितलं.