डोंगर चढा, पण तास द्या

हैदराबादेतल्या नल्लकुंट्याहून उस्मानिया विद्यापीठाचे आवार फार लांब नाही. पहाटे तिथल्या रस्त्यांवर चालणाऱ्यांची वर्दळ असते. घरात स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) रुग्ण असलेली सून, मुलगी किंवा स्वतःच सत्तरीला आलेली बायको या वर्दळीत सहसा दिसत नाही. अर्धा तास बाहेर पडायचे तरी घरात कुणीतरी थांबायला हवे. कुणी नसेल तर गॅस सुरू राहतो, नळ वाहत राहतो, किंवा कडी काढून माणूसच रस्त्याला लागतो. डिमेन्शियाच्या मदतीसाठी पदयात्रा काढणारे, गड-डोंगर चढून निधी जमवणारे लोक आता आपल्याकडेही आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण निधी किती जमला हे विचारण्याआधी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा. त्या पैशातून या बाईला आठवड्याचे किती तास मोकळे मिळाले? अशा उपक्रमाचे यश याच मापाने मोजावे, असे माझे मत आहे.

हेच माप का, याचे उत्तर आजाराच्या स्वभावात आहे. डिमेन्शिया बरा करणारे औषध आज नाही. जुनी औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य करतात, नवी सुरुवातीच्या टप्प्यातली घसरण थोडी मंद करतात. म्हणजे वर्षानुवर्षे जो उपचार खरोखर चालतो तो सांभाळण्याचाच: आंघोळ घालणे, घास भरवणे, रात्री तीनदा उठणे, एकाच प्रश्नाला दिवसातून वीस वेळा न चिडता उत्तर देणे. हा उपचार करणाऱ्याला पगार नाही, रजा नाही आणि बदली माणूसही नाही. भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असेही त्या अभ्यासकांनी म्हटले आहे. रुग्णांमध्ये बायकांचे प्रमाण जास्त आहे, आणि घरोघरी पाहिले तर सांभाळणाऱ्याही बहुतेक बायकाच. एवढ्या घरांना पुरतील इतके न्यूरॉलॉजिस्ट या देशात नाहीत, आणि या घरांची रोजची गरज न्यूरॉलॉजिस्टने भागणारीही नाही.

ती कशाने भागते याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर एक चाचणी केली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या घरांत थोडे प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते नियमित जात राहिले. आजार म्हणजे काय हे समजावणे, रुग्ण चिडला तर काय करावे हे सांगणे, गरज पडेल तिथे डॉक्टरांशी गाठ घालून देणे, एवढेच त्यांचे काम. सहा महिन्यांनी त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांची मानसिक स्थिती इतरांपेक्षा सुधारलेली होती. यात ना मोठी इमारत लागली, ना महागडे यंत्र. माणूस लागला, आणि त्याचा वेळ लागला.

आता चालण्याकडे येऊ. अमेरिकेतल्या अल्झायमर असोसिएशनने १९८९ मध्ये निधीसाठी पदयात्रा सुरू केली. आज ती तिथल्या सहाशेहून अधिक ठिकाणी निघते आणि तिचा पैसा संशोधनाबरोबरच कुटुंबांच्या मदतीलाही जातो. मला त्याहून जास्त शिकवणारा वाटतो तो ‘ट्रेलवॉकर’ हा उपक्रम. १९८१ मध्ये हाँगकाँगमधल्या गुरखा सैनिकांच्या सरावातून तो जन्मला आणि पुढे ऑक्सफॅममुळे भारतातही, बंगळुरूला आणि मुंबईच्या आसपास झाला. चौघांनी मिळून १०० किलोमीटर चालायचे, सोबत सुरू करायचे, सोबत संपवायचे. आणि चालणाऱ्यांच्या पाठीशी मदतनीसांची एक तुकडी असते. ती टप्प्याटप्प्यावर पाणी, जेवण, कोरडे मोजे घेऊन थांबते. दोन दिवसांच्या चालीला मागे एवढी फळी लागते हे आपण सहज मान्य करतो. दहा वर्षांच्या चालीला मात्र घरातली एकटी बाई पुरेल, असे धरून चालतो.

एक ढोबळ हिशेब मांडतो. समजा एका पदयात्रेत १० लाख रुपये जमले आणि जाणत्या मदतनीसाच्या तासाला २०० रुपये द्यावे लागले, तर ५,००० तास मिळतात. एका घराला आठवड्यातली एक दुपार, चार तास, वर्षाचे ५० आठवडे दिली तर २०० तास होतात. म्हणजे २५ घरांना वर्षभर दर आठवड्याला एक दुपार मोकळी. नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुरा एवढा टापू धरला तरी ही मदत डोळ्यांना दिसेल.

हैदराबादेत या मदतनीसाची भाषा हाही साधा मुद्दा नाही. तेव्हा इथल्या निम्स रुग्णालयात असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी इथल्याच ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवले की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षे उशिरा गाठतो, आणि निरक्षर लोकांतही हा फरक दिसतो. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार इथल्या जुन्या मराठी घरांत मराठी, तेलुगू आणि दखनी तिन्ही नांदतात; ही त्यांची पुंजी आहे. पण आजार वाढला की अनेक रुग्णांच्या नंतर शिकलेल्या भाषा आधी गळतात आणि लहानपणची उरते. मग जन्मभर बाजारात फर्डी तेलुगू बोललेल्या आजी तेलुगू मदतनीस बाईकडे मराठीत काही मागतात आणि तिला कळत नाही. निधीचा थोडा भाग मराठी, तेलुगू, उर्दू अशा दोन-तीन भाषांतली रोजची शंभर वाक्ये मदतनीसांना शिकवण्यावर खर्चावा. स्वस्तात होणारे आणि फार उपयोगाचे काम आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की पदयात्रा जागृतीसाठी असते आणि चालण्याने धोकाही कमी होतो. खरे आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, व्यायामाचा अभाव, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह त्यांत येतात. पण ज्या घरात आजार शिरलाच आहे तिथे हा संदेश ‘तेव्हा चालले असते तर’ अशी टोचणी बनून पोचतो. जागृती करणाऱ्याने त्या घराला हातही द्यायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: आईवडिलांना परक्याच्या हाती कसे सोपवायचे? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले स्मृतिभ्रंश झालेले शास्त्री हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे जपते. तिची भाषा वेगळी, संसार फाटका. पण तिच्याजवळ त्या क्षणी थकवा नव्हता. मुलीचे प्रेम कमी नसते, तिची झोप कमी असते. आठवड्यातले चार तास दुसऱ्याला देणे म्हणजे आईला टाकणे नव्हे. उरलेले तास नीट निभावण्यासाठीच ते द्यायचे.

तिसरा आक्षेप सरकारबद्दलचा, आणि तो मी निम्मा मान्य करतो. हे काम सरकारचेच आहे. सत्तरीपुढच्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजना आहे, पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते. जुन्या करप्रणालीत डिमेन्शियाच्या उपचाराची वजावट मिळते, पण घरी बसून सांभाळणाऱ्या बाईच्या तासांची किंमत त्यात कुठेच नाही. तरीही लोकांनी आधी करून दाखवलेले सरकार पुढे उचलते, याचा दाखला याच शहरात आहे. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डर लाइन’ २०१७ मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने हैदराबादेत सुरू झाली आणि २०२१ मध्ये ती देशभराची १४५६७ ही हेल्पलाइन झाली.

म्हणून यंदा २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनाला, जे भोंगीरचा खडक चढतील किंवा नेकलेस रोडवर चालतील त्यांना विनंती आहे. पत्रकावर किलोमीटरच्या शेजारी तासांचा आकडा छापा, आणि वर्षाअखेरीस किती घरांना किती तास दिले ते जाहीर करा. ज्या कंपन्या अशा पदयात्रांना पैसा देतात त्यांनी कंपनी कायद्याची सातवी अनुसूची उघडून पाहावी. ज्येष्ठांची दिवसा देखभाल करणारी केंद्रे त्यात नाव घेऊन नमूद आहेत. आणि इथल्या मराठी संस्थांनी, शतक ओलांडलेल्या विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेपासून मोहल्ल्यातल्या मंडळापर्यंत, आपले एक सभागृह आठवड्यातली एक दुपार या रुग्णांसाठी उघडून द्यावे.