रंगविलेली मोटार आणि न संपणारा कट

चोराला मुदतीचा आसरा कशाला, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतो. ज्याची मोटार गेली त्याच्या तोंडीं तो शोभतो. परंतु कायदा जाणणारेही जेव्हां हाच सूर लावतात, तेव्हां त्यांना विरोध करणें भाग आहे.

मुदतीचा नियम चोरावरील दयेपोटीं झालेला नाहीं. बारा वर्षांपूर्वींच्या अमुक संध्याकाळीं आपण कोठें होतों, हें निरपराध मनुष्याला तरी सांगतां येईल काय? साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात. सरकारचें दप्तर मात्र शाबूत राहतें. म्हणूनच अमेरिकेच्या संघीय कायद्यानें बहुतेक गुन्ह्यांना पूर्वीं तीन वर्षांची व १९५४ पासून पांच वर्षांची मर्यादा घातली आहे.

ही मर्यादा चुकविण्याची सरकारी वकिलांची आवडती वाट म्हणजे कटाचा आरोप. चोरीची मुदत चोरीच्या दिवसापासून मोजतात. कटाची, कटासाठीं केलेल्या शेवटच्या कृत्यापासून. आतां चोर आपला गुन्हा लपवितो हें ओघानेंच आलें. तें लपविणेंही कटाचेंच अंग मानलें, तर आरोपी गप्प आहे तोंवर कट चालूच! मग मुदत सुरू व्हावयाची कधीं? त्यानें कबुली दिल्यावर?

१९५७ सालीं ग्रुनेवाल्ड खटल्याच्या अपिलांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें हाच वाद आला. कांहीं व्यापाऱ्यांवरील करचुकवेगिरीचे खटले पैसे घेऊन १९४८-४९ सालीं मिटविल्याचा तो आरोप. आरोपपत्र २५ ऑक्टोबर १९५४ चें. तेव्हां तीन वर्षें मागें, म्हणजे २५ ऑक्टोबर १९५१ नंतरही कट जिवंत होता, हें सरकारला दाखवावयाचें होतें. निव्वळ लपवालपवीनें कट लांबत नाहीं, असें ठरवून न्यायमूर्ति हार्लन यांनीं शिक्षा रद्द केल्या व फेरचौकशीस वाट ठेवली. भेद समजावतांना त्यांनीं दाखला दिला तो चोरीच्या मोटारीचा: ती रंगविणें हें चोरी तडीस नेण्याचेंच काम होय.

दाखला योग्यच आहे. भीति त्याच्या ताणण्याची. मोटार रंगवून विकीपर्यंत चोरी पुरी झाली नाहीं, हें कोणीही मान्य करील. पण मोटार विकली, पैसे वांटले, आणि चार वर्षांनीं एक भागीदार पोलिसांशीं खोटें बोलला, तर तें चोरीचें काम नव्हे, भयाचें आहे. पुरावा नष्ट करणें हा गुन्हा असेल, तर त्याचाच आरोप ठेवावा. जुन्या चोरीला त्यानें नवें आयुष्य देऊं नये.

शिवाय कट लांबला कीं एकाचे शब्द दुसऱ्याच्या गळ्यांत पडतात. १९४९ च्या क्रुलेविच खटल्यांत याच न्यायालयानें अशी मागाहूनची वाक्यें पुराव्यांतून वगळलीं. तत्पूर्वीं १९४० मध्यें मिर्झा अकबर यांच्या अपिलांत प्रिव्ही कौन्सिलनें हिंदुस्थानच्या कायद्याचाही असाच अर्थ लावला होता. आपल्याकडे साध्या चोरीला तीन वर्षांची मुदत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें घातली व २०२३ च्या संहितेनें ती कायम ठेवली, तेव्हां हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

यावर उत्तर येतें कीं, मग सराईत टोळ्यांचें फावेल. कसें फावेल? जी टोळी दर महिन्यास नवी मोटार पळविते, ती प्रत्येक चोरीबरोबर आपली मुदत आपणच पुढें ढकलीत असते. तिच्यासाठीं कायदा ताणण्याची गरजच नाहीं. ताणलेल्या कायद्यांत सांपडतो तो एकदां चुकून, पुढें वर्षानुवर्षें सरळ मार्गानें चाललेला मनुष्य. आणि त्याच्याहीपेक्षां, ज्यानें कांहींच केलें नाहीं पण ज्याचा साक्षीदार आतां हयात नाहीं, तो.