वस्तादाचा वाटा

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हटले की कुस्तीचा आखाडा डोळ्यांसमोर येतो. उर्दूतील 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद' झाला आणि पहिलवानांना डाव शिकवू लागला. शिकवणारा हवा, ही समजूत दोन्ही भाषांत एकच आहे. वस्तादाला आज आपण प्रशिक्षक म्हणतो. खेळाडू नाव कमावतो, खेळाच्या बळावर नोकरी मिळवतो, तेव्हा त्या यशात प्रशिक्षकाचा वाटा किती असतो?

कोणी म्हणतात, सारे यश गुरूचेच. कोणी म्हणतात, अंगात गुण असला की तो आपोआप चमकतो. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात.

आपल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके पाहा. येथे पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो, तरी उन्हाळ्यात विहिरी आटतात. मुली डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. मुले डोंगरवाटा तुडवत शाळेत जातात. पायांत बळ आहे, छातीत दम आहे. मग येथून नामवंत धावपटू का निघत नाहीत?

याचे उत्तर शेजारीच सापडते. मोखाडा तालुक्याची हद्द ओलांडली की नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुका लागतो. तेथे हरसूलजवळ सावरपाडा नावाचे छोटे गाव आहे. तेथील कविता राऊत हिचे बालपण असेच गेले. लांबून पाणी आणायचे आणि अनवाणी धावायचे. पुढे नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक तिला लाभला. त्यांनी तिच्या धावण्याला शिस्त लावली. सन 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत रौप्यपदक पटकावले. सन 2016 मध्ये ती रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. धावण्यामुळेच तिला ओएनजीसीत नोकरीही मिळाली. पाय कविताचे होते, वाट मात्र प्रशिक्षकाने दाखवली.

चांगल्या प्रशिक्षकाची पहिली खूण म्हणजे पारख. मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर मुलांना क्रिकेट शिकवत. सर स्वतः खेळाडू म्हणून फार गाजले नव्हते. लहानग्या सचिन तेंडुलकरला त्याचा भाऊ अजित त्यांच्याकडे घेऊन गेला. सर समोर उभे राहून पाहत होते, त्यामुळे सचिन बावरला. त्याला नीट खेळता येईना. तेव्हा अजितने सरांना विनंती केली, "जरा दूर राहून पुन्हा पाहा." सरांनी पाहिले आणि मुलाला घेतले. दुसऱ्यांदा पाहण्याचा कंटाळा केला असता तर? पुढे सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन बाद झाला तर नाणे गोलंदाजाचे, नाबाद राहिला तर सचिनचे. एका रुपयात त्यांनी विकेट जपायला शिकवले.

पण त्याच मैदानावर सरांकडे कितीतरी मुले शिकली. त्यांतले काही भारतासाठी खेळले, पण सचिन एकच झाला. म्हणजे प्रशिक्षकाच्या कामालाही मर्यादा आहे. तो डाव शिकवील, चूक दाखवील, धीर देईल. पहाटे अंथरूण सोडायचे ते मात्र खेळाडूनेच.

आणखी एक अडचण अंतराची आहे. वेगवान गोलंदाज झहीर खान हा श्रीरामपूरचा. त्याला गाव सोडून मुंबईला यावे लागले. तेथे त्याने सुधीर नाईक यांच्या हाताखाली सराव केला. पुढे 2011 च्या विश्वचषकात त्याने 21 बळी घेतले. मुंबई गाठणे त्याला जमले. पण आपल्या पाड्यांतील कित्येक कुटुंबे भातकापणीनंतर वीटभट्टीच्या कामाला जातात. मुलेही आईवडिलांबरोबर जातात. महिनोन्‌महिने जे मूल मैदानावर दिसतच नाही, त्याची पारख कोण करणार?

म्हणून माझे मत असे आहे. प्रशिक्षक गुण निर्माण करत नाही, पण तो नसेल तर असलेला गुण मातीत पडून राहतो. मुलांनी प्रशिक्षकाच्या शोधात शहरात जावे, यापेक्षा प्रशिक्षकच येथे यावा. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत एक जाणता प्रशिक्षक, एक सपाट मैदान आणि वर्षभर चालणारा सराव एवढे जरी मिळाले, तरी पुष्कळ होईल. मुलांच्या राहण्याजेवणाची सोय शाळेत नीट झाली, तर त्यांना भट्टीवर जावे लागणार नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादा मुलगा किंवा मुलगी वाऱ्यासारखी धावत असेल. तुम्ही ते रोज पाहता. मोठ्यांचे लक्ष तिकडे गेले नसेल, तर तुमच्या सरांना किंवा बाईंना जाऊन सांगा. अजितनेही एवढेच केले होते.