उंच ढग आणि पिकलेले भात

ऑक्टोबर महिन्यात तळेरे परिसरातील हळव्या भाताची लोंबी पिवळी पडली की शेतकऱ्यापुढे वर्षातील सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. विळा आज लावावा की दोन दिवस थांबावे? कापलेले भात पसरून वाळविण्यास कोरडे दिवस लागतात. ते मधेच हुकले तर दाण्याला कोंब फुटतो, पेंढा काळा पडतो आणि गुरांची वैरणही हातची जाते. अशा वेळी शेतकरी दोन ठिकाणी पाहतो : हातातील मोबाईलकडे व डोक्यावरील आकाशाकडे. दोहोंकडे पाहणे योग्यच आहे. परंतु दोहोंची भाषा नीट वाचली जात नाही, ही खरी अडचण होय.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ निर्माण झाले. ते कोकणच्या भूमीवर आले नाही, पश्चिमेकडे निघून गेले. तथापि त्याच्या पावसाने सिंधुदुर्गातील उभे व कापलेले भात मोठ्या प्रमाणावर भिजून गेले. वादळ आपल्याकडे येणार नाही, एवढेच ऐकून निर्धास्त होणे किती महाग पडते, हे त्या वर्षी दिसून आले.

आकाशातील सर्वांत उंच ढग म्हणजे तंतुमेघ. इंग्रजीत यांना ‘सिरस’ हे नाव १८०३ च्या सुमारास ल्यूक हॉवर्ड या इंग्रज गृहस्थाने दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ केसांची बट असा आहे. पिंजलेल्या कापसासारखे किंवा घोड्याच्या शेपटीसारखे दिसणारे हे ढग आपल्या उष्ण प्रदेशात सहा किलोमीटरपासून अठरा किलोमीटरपर्यंतच्या उंचीवर असतात व ते हिमकणांचे बनलेले असतात. त्यांच्यापासून जमिनीवर पाऊस पडत नाही. हेच ढग पातळ पडद्यासारखे पसरले म्हणजे सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. हात लांब करून पंजा पसरला असता अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढे अंतर दिसते, साधारण तेवढे हे खळे चंद्रापासून दूर असते. चंद्राला अगदी चिकटून दिसणारे लहान रंगीत कडे निराळे. ते बहुधा पाण्याच्या सूक्ष्म थेंबांच्या पातळ ढगामुळे दिसते व तो ढग पुष्कळ खाली असतो. गावोगावी या दोहोंना एकच समजून अंदाज बांधले जातात.

तंतुमेघ दिसले की एक-दोन दिवसांत पाऊस, असा नियम अनेक पुस्तकांतून वाचावयास मिळतो. हा नियम खोटा नाही. पण तो युरोपसारख्या समशीतोष्ण प्रदेशाचा आहे. तेथे पश्चिमेकडून येणाऱ्या उबदार हवेच्या आघाडीपुढे प्रथम उंच ढग येतात व मागाहून पाऊस येतो. कोकणात मॉन्सूनची रचनाच वेगळी आहे. पावसाळ्यात खालचे काळे ढग समुद्रावरून सह्याद्रीकडे धावतात, तर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर जोरदार पूर्ववारा वाहत असतो व तेथील ढग घाटाकडून समुद्राकडे जातात. उघडीप मिळालेल्या एखाद्या दिवशी तळेऱ्याच्या कोणत्याही माळावर उभे राहून पाहिल्यास ढगांचे हे दोन उलटे प्रवास डोळ्यांना दिसू शकतात. परदेशी नियम येथे जसाच्या तसा लावणाऱ्याची फसगत झाल्यास त्यात नवल नाही.

मग उंच ढग निरुपयोगी समजावेत काय? तसे मुळीच नाही. ते कोठून आले, याला महत्त्व आहे. दुपारनंतर गगनबावड्याच्या बाजूस ढगांचे मनोरे चढू लागले आणि त्यांचा माथा ऐरणीसारखा सपाट होऊन पांढरा पडदा आपल्याकडे पसरू लागला, तर तो गर्जनमेघाचा माथा होय. अशा वेळी पाऊस व वीज काही तासांच्याच अंतरावर असू शकतात. कापणी थांबवून पसरलेले भात गोळा करावे, उडवी झाकावी. गडगडाट ऐकू आल्यावर मात्र भाताचाही विचार करू नये. माणसांनी व गुरांनी पक्क्या निवाऱ्याखाली जावे. याउलट, सकाळपासून विरळ तंतू दिसत आहेत, ते दाट होत नाहीत आणि घाटाकडे मनोरे नाहीत, तर केवळ त्यांच्या भयाने विळा खाली ठेवण्याचे कारण नाही.

आंब्याच्या मोहोराच्या काळात उलट चूक घडते. आकाश किंचित झाकोळले की फवारणीचा पंप बाहेर निघतो. तुडतुडे व भुरी यांना दमट, मळभाची हवा मानवते हे खरे. पण दहा किलोमीटर उंचीवरील हिमकणांच्या विरळ पडद्यावरून बागेतील दमटपणा कळत नाही. त्यासाठी मोहोरच पाहावा लागतो. औषधाचा खर्च ढग देत नाही, बागायतदार देतो.

आता मोबाईलवरील अंदाजाविषयी. हवामान खात्याच्या शब्दांना मापे आहेत, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ‘एक-दोन ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पावापासून निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापासून पाऊणपर्यंत. त्यापुढे ‘बहुतेक ठिकाणी’. ‘मुसळधार’ पावसाचा इशारा चोवीस तासांतील ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाचा असतो. ‘काही ठिकाणी’ असा अंदाज असता तळेरे कोरडे राहिले आणि घाटपायथ्याच्या गावात पाणी झाले, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. पण हा अर्थ शेतकऱ्यास कोणी सांगितला? अंदाज पाठविला म्हणजे काम संपले अशी समजूत विस्तार यंत्रणेनेही करून घेऊ नये.

अंदाज अधिक बारीक होत आहेत, हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायत पातळीवरील अंदाज सुरू झाले आणि मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालणारी भारत अंदाज प्रणाली कार्यान्वित झाली. तळेरे समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधोमध वसलेले असल्याने या बारकाव्याचे मोल येथे विशेष आहे. तरीही त्याच मे महिन्यात काय घडले ते आठवावे. २५ मे रोजी मॉन्सून देवगडपर्यंत पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या कितीतरी आधी. भाताच्या रोपवाटिकांची तयारी अपुरी असताना पाऊस आला, आणि महिनाअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याचा जोर ओसरला. पेरणीची घाई करू नये असा सल्ला त्या वेळी दिला गेला होता. मॉन्सून आला ही बातमी घराघरांत पोहोचली. सल्ला तितक्या वेगाने पोहोचला असे वाटत नाही.

यावर एक अल्पखर्चाचा उपाय आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या किंवा विकास सोसायटीच्या भिंतीवर एक काळा फळा लावावा. वरच्या भागात ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ या शब्दांची मापे कायमची रंगवावीत. खाली त्या दिवसाचा अंदाज, आणि शेजारी गावच्या शाळेतील पर्जन्यमापकावर सकाळी साडेआठ वाजता मोजलेला पाऊस लिहावा. शाळेतील वरच्या वर्गांची मुले हे काम आनंदाने करतील. दुपारी घाटाच्या बाजूस कोणते ढग दिसले, याचीही नोंद त्यांच्याकडून ठेवून घ्यावी. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या म्हणजे अंदाज आपल्या गावाला कितपत लागू पडतो, हे ऐकीव गोष्टींवरून ठरवावे लागणार नाही.