स्टेशन सजलं, आता आपला माल चढू द्या

आज कांद्याच्या चाळीतून जरा रेल्वेकडे वळतो, कारण विषय शेवटी कांद्याचाच आहे.

आपलं लासलगाव स्टेशन अमृत भारत योजनेत नवं झालं. २२ मे २०२५ ला देशातल्या १०३ स्टेशनांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात आपलंही होतं. चांगलं झालं. पण स्टेशनचा विकास रंगरंगोटीवर मोजायचा, का तिथून कोण जातं आणि काय जातं यावर?

आधी माणसांचं बघू. कोरोनात पॅसेंजर बंद पडल्या. परत सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्यानं. कमीत कमी तिकीट १० चं ३० झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते परत १० वर आलं, पण तोवर रोज जाणारा मजूर आणि कॉलेजची पोरं तिप्पट भरत होती. गरिबाला स्टेशन देखणं नसलं तरी चालतं, तिकीट परवडलं पाहिजे.

आता मालाचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथूनच 'कांदा एक्स्प्रेस' दिल्लीला गेली. ४२ वाघिणी, १६०० टन कांदा, म्हणजे ५६ ट्रकचा माल. सरकारी आकड्यानुसार रेल्वेचा खर्च ७०.२० लाख, रस्त्यानं तोच ८४ लाख झाला असता. हिशोब करा, क्विंटलमागं ८६ रुपये वाचले. पण तो कांदा सरकारच्या बफर साठ्यातला होता, दिल्लीतले भाव खाली आणायला चालला होता. भाव पाडायला रेल्वे लगेच मिळते, मग भाव मिळवायला का मिळू नये?

पूर्ण रेक भरणं व्यापाऱ्याचं काम. ३०-४० क्विंटलवाल्यानं काय करायचं? त्याचं उत्तर किसान रेल होती. ७ ऑगस्ट २०२० ला पहिली गाडी आपल्याच जिल्ह्यातून, देवळालीहून दानापूरला सुटली. कमीत कमी मालाची अट नव्हती. पुढं भाड्यात ५० टक्के सूटही मिळाली. नंतर सूट आटली आणि गाड्याही आटल्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आठवड्यातले ठरलेले दोन दिवस पार्सल डबा द्या, म्हणजे पुढच्या बाजारातल्या आडत्याशी आधी बोलता येईल. माल चढेल एवढा वेळ गाडी थांबू द्या. डबा हवा खेळती राहील असा द्या, बंद डब्यात कांद्याला घाम सुटतो आणि दोन दिवस गाडी रखडली की गोणी खालून गळायला लागते. आणि पॅसेंजरचं भाडं १० च्या वर नेऊ नका.

आपलंही एक काम आहे मंडळी. एकेकट्यानं अर्ज देऊन काही हलत नाही. गटानं, शेतकरी कंपनीनं महिन्याला किती माल देणार ते लिहून द्या. रेल्वेला भाषण कळत नाही, टनाचा आकडा कळतो.

तुमच्या गावाजवळच्या स्टेशनवरून काय माल जातो? खाली लिहा.