उघाडी

निवृत्तीच्या दिवशी शाखेतल्या सहकाऱ्यांनी मला शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. सायकल मी नंतर स्वतःच्या पैशाने घेतली. घरातून विरोध झाला. गुडघ्यांचा दाखला देण्यात आला, पामबीच रस्त्यावरच्या सुसाट मोटारींचाही देण्यात आला. दुसरा मुद्दा बिनतोड होता. म्हणून ठरवले, मुख्य रस्ता शक्य तितका टाळायचा आणि खाडीच्या कडेकडेने जायचे. वाशीच्या सागर विहारपासून बेलापूरच्या दिवाळे गावापर्यंत दहा-बारा किलोमीटरचा हा पट्टा आहे. सलग वाट नाही. कुठे फरसबंद पदपथ, कुठे मातीचा बांध, कुठे मधेच कुंपण आड येते आणि मुकाट्याने पामबीचवर यावे लागते. गेली तीन-चार वर्षे रविवारी सकाळी मी हा उद्योग करतो आहे.

या शहरात मी पस्तीस वर्षांहून अधिक काळ राहतो, तरी त्यातली तीस वर्षे खाडी मी फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिली. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हापासून पुलावर गाडी आली की डबा क्षणभर गप्प होतो, खारा वारा आत येतो, आणि पुन्हा पत्ते सुरू होतात. खाडीशी आमचा संबंध एवढाच.

सायकलवरून पहिल्यांदा लक्षात आला तो चढ-उतार. सपाट वाटणाऱ्या शहरात सपाट असे काही नसते, हे गुडघ्यांना आधी कळते. वसाहतीतून खाडीकडे जाताना पायडल मारावेच लागत नाही, आणि खाडीजवळ आल्यावर बांधावर चढायला मात्र दम लागतो. म्हणजे आपण बशीत राहतो. उधाणाच्या वेळी खाडीचे पाणी बांधापलीकडे आपल्या अंगणापेक्षा उंच असते. नियोजनकर्त्यांना हे ठाऊक होते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले, तेव्हा खाजणांत भराव टाकून सगळी जमीन भरतीच्या वर उचलणे परवडणारे नव्हते. म्हणून धारण तलाव आले. नाल्यांचे पाणी आधी या तलावांत येते. भरती असेल तर खाडीकडची दारे बंद राहतात, पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की दारे उघडतात आणि तलाव रिकामा होतो. वाशीच्या मिनी सीशोअरला लोक ज्याच्या काठाने फेऱ्या मारतात, नेरूळच्या 'ज्वेल'मध्ये ज्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात, ते पाणी शोभेचे नाही. ते या शहराचे गटारही आहे आणि तिजोरीही.

परदेशी शहाणपण म्हणून ही योजना वाखाणली गेली. सारसोळ्याच्या जेट्टीवर भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझा तो समज दोन वाक्यांत उतरवला. त्यांच्या लहानपणी त्यांच्या घरची भातशेती खारबंदिस्तीत होती. "उघाडी म्हंतात तिला, साहेब. भरतीला लागते, ओहोटीला उघडते. पन तिला मानूस लागतो, नुसता दरवाजा लावून नाय भागत." रायगडात हा शब्द अजून जिवंत आहे. बांधात बसवलेले लाकडी दार म्हणजे उघाडी. बाहेरचे पाणी चढले की ते दाबाने आपोआप मिटते, आतले पाणी वर झाले की उघडते. त्यात काडीकचरा अडकला की संपले. खारे पाणी आत शिरते आणि ते शेत पुढची काही वर्षे कामातून जाते. म्हणून बांधावर राखण असे, आणि बांध फुटला तर घरटी एक माणूस धावे. या कामासाठी स्वतंत्र कायदेही झाले, आधी १९४८ मध्ये आणि नंतर १९७९ मध्ये.

आज आपल्याकडे दारे आहेत, माणूस नाही. तलावांत वर्षानुवर्षे गाळ बसला. गाळावर तिवराची रोपे रुजली, कारण गाळ आणि भरतीचे पाणी मिळाले की तिवर कोणाची परवानगी मागत नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे २६ जुलैच्या त्या ९४४ मिलिमीटर पावसानंतर काही आठवड्यांत, उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली. २०१८ च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेले : खारफुटी नष्ट करणे हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे. सार्वजनिक कामासाठीही तोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. झाले! पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आले की आता उत्तर तयार असते : गाळ काढायचा आहे, पण खारफुटी आडवी येते. आमच्या सोसायटीच्या सभेतही हेच ऐकले. एका सद्गृहस्थांनी तर फ्लेमिंगो हवेत की माणसे, असा रोखठोक सवाल टाकला आणि टाळ्या घेतल्या.

मला हा हिशेब पटत नाही. झाड उगवायच्या आधी गाळ साठला, आणि गाळ काही एका रात्रीत साठला नाही. ज्या वर्षांत तो काढता येत होता त्या वर्षांत तलाव कोणाच्या ताब्यात, खर्च कोणाच्या खात्यावर, या पत्रव्यवहारात काळ गेला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे अनुत्पादित कर्ज आहे. हप्ते थकले तेव्हा कोणी नोटीस काढली नाही आणि आता जामीनदार म्हणून तिवराला उभे केले आहे.

विरोधाभास पाहायचा तर तसेच पुढे नेरूळच्या डीपीएस तलावापर्यंत जावे. तिथे तक्रार नेमकी उलटी. धारण तलावांतून पाणी बाहेर जात नाही. इथे पाणी आत येत नव्हते. जेट्टीकडच्या रस्त्याच्या कामात भरतीच्या पाण्याच्या वाटा बुजल्या, असे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात या परिसरात फ्लेमिंगो मरून पडले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरला विमानाला धडकून एकोणचाळीस मेले. कच्छ आणि सौराष्ट्राकडून दर हिवाळ्यात लाखभर पक्षी ठाणे खाडीत येतात. भरतीला खाडीची दलदल बुडाली की त्यांना उभे राहायला उथळ पाणथळी लागतात. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, पण भरतीच्या सहा तासांत पक्ष्याने जायचे कुठे, ही जागा त्या रेषांच्या बाहेर राहिली. एनआरआय संकुलामागच्या पाणथळीवर गोल्फचे मैदान आखले गेले होते. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डीपीएस तलावाला संवर्धन राखीव करण्यास २०२५ मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. चांगले झाले. पण तिथेही दर्ज्याइतकीच गरज आहे ती पाण्याच्या वाटेत अडकलेला कचरा रोज काढणाऱ्या माणसाची.

इथे माझ्याही खात्यावर एक नोंद आहे, ती सांगायला हवी. नव्वदच्या दशकात मी गृहकर्जाची प्रकरणे तपासत असे. सिडकोची जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याची, कागद स्वच्छ, सर्च रिपोर्ट निर्मळ. खाडीकाठच्या इमारतींची किती प्रकरणे माझ्या सहीने मंजूर झाली, मोजली नाहीत. उत्पन्नाचा दाखला मागितला, दोन जामीनदार मागितले, खाडी दिसते म्हणून मूल्यांकनात चार पैसे जास्त धरले. तळमजल्याची पातळी भरतीपेक्षा किती वर, हा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता, आणि असावा असे मलाही कधी सुचले नाही. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना हे ठाऊक होते. भरपाईसाठी ते लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. जमिनीचा मोबदला ठरला. पण जमीन कोरडी कशी ठेवायची हे ज्ञान कोणी त्यांच्याकडून विकत घेतले नाही, फुकटही घेतले नाही.

महागडा सायकल मार्ग बांधा अशी माझी मागणी नाही; सुशोभीकरणाच्या कामातच अशा वाटा बुजतात. मातीचा बांध आहे तसा राहू द्यावा. प्रत्येक तलावाच्या दारावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक हातात असलेला, जवळच्या कोळीवाड्यातला एक पगारी माणूस असावा. गाळ काढायला यंत्रे घालून रान साफ करायचे नसेल, तर पाण्याचे जुने चर माणसांकरवी, तिवराला धक्का न लावता मोकळे करता येतील का, हे निदान एका तलावात न्यायालयाच्या संमतीने करून पाहावे. खर्च कारंज्यांपेक्षा कमी येईल असा माझा अंदाज आहे; अंदाजपत्रके पाहण्यात हयात गेली आहे.

मागच्या रविवारी दिवाळ्याला पोचेपर्यंत ऊन वर आले. मागचे चाक बसले होते. पंक्चरवाल्याचे दुकान बंद. जाळी दुरुस्त करीत बसलेल्या एका बाईंनी सायकलकडे आणि माझ्याकडे पाहून विचारले, "कुठून आलाव?" मी म्हटले, वाशीहून, खाडीच्या कडेने. त्या हसल्या. "तिकरून परत नका जाव आता. पानी चढतंय." मी घड्याळ पाहिले. मग सायकल हाताने ढकलत स्टेशनकडे निघालो.